सुक्याचा पैसा

मच्छीबाजारातली पाटी डोक्यावरून उतरवून हिरकणी घरात शिरली, तर माळा मोकळा. सुक्या बोंबलाच्या गोणी काल रात्रीपर्यंत तिथे छपराला टेकल्या होत्या.

"पुतळे, माझं सुकं कुठाय गं?" तिने शेजारणीला हाक घातली.

"सुकं घेणाऱ्या जिग्नेशशेटचा टेम्पो आलेला ना! तलासरी-वेवजीच्या बाजाराला भरून गेला. तुझ्या नवऱ्यानेच, धोंडूभाऊंनी, गोणी खाली दिल्या. मग इस्त्रीचा शर्ट घालून गेले डहाणूला. मला वाटलं तूच सांगितलंस."

हिरकणी मटकन खाली बसली नाही. बसायला वेळ नव्हता. लेकीचं, मयुराचं नाव अकरावी सायन्सच्या यादीत लागलं होतं आणि आज संध्याकाळच्या आत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

या घराचा एक कायदा होता, कोणी लिहिला नव्हता तरी सगळे पाळत. होडीचा पैसा मुलाच्या शाळेचा, सुक्याचा पैसा मुलीच्या शिक्षणाचा. होडी बापाची, बोंबील वाळवायचे आईने. म्हणून भावेश डहाणूच्या इंग्रजी शाळेत टाय लावून गेला आणि मयुरा गावच्या शाळेत फुकट शिकली. सकाळी जबड्यात जबडा अडकवून बोंबलाच्या जोड्या दोरीवर टांगायच्या, मग वर्गात बसायचं. अंगाला वास येतो म्हणून पोरी लांब सरकत. तरी तिने दहावीला गावात पहिली येऊन दाखवलं. हिरकणीला या कायद्याचा आधार वाटायचा. कमी असेल, पण पोरीचं ते पोरीचं. यंदा होडीला मासळीच लागली नाही, त्यात पावसाळी बंदी. होडी किनाऱ्यावर ओढली आणि कायदाही तिच्यासोबत ओढला गेला.

"मयुरा, चल. आहेस तशी."

"आई, बाबा भावेशची फी भरायला गेलेत. राहू दे. मी आर्ट्स घेते."

"तुला विचारलं का मी?"

रिक्षा डहाणूच्या रस्त्याला लागली. चिकूच्या वाड्या मागे पळत होत्या आणि पुढची म्हैस काही रस्ता सोडेना. हिरकणी रिक्षावाल्याला दोनदा ओरडली, मग म्हशीला.

भावेशच्या शाळेची इमारत चकचकीत. लोक हल्ली शिकवणं बघत नाहीत, फरशी बघतात. फुकटच्या शाळेला किंमत नाही, तिथे मास्तर कितीही चांगला असो. खिडकीपुढे रांग होती. धोंडूचा नंबर आलाच होता, हातात नोटांची पिशवी.

"द्या इकडे."

धोंडू दचकला. "हिरकणे, इथे नको. लोक बघतात."

"बघू दे. माझं सुकं कोणाला विचारून विकलंत? पोरीच्या फीपुरतं आज विकून बाकीचं महिना ठेवलं असतं तर दुप्पट भाव आला असता."

"महिना कोण थांबतंय? फीसाठी पोराला वर्गाबाहेर उभा करतात गं. रोज. तो घरी सांगत नाही, मी येऊन बघितलाय."

हे तिला माहीत नव्हतं. भावेशही तिच्याच पोटचा.

"आणि पोरीचं?"

"ती हुशार आहे. ती कुठेही शिकेल."

"म्हणजे हुशार आहे म्हणून तिला दंड?"

धोंडूने मागच्या रांगेकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "इंग्रजी शाळेतनं काढला तर गावात तोंड कसं दाखवू?"

"मयुराला दाखवता तेच दाखवा."

खिडकीतला कारकून वैतागला. "बाई, भरायचे तर भरा. मागची बाकी आहे. वर्गात बसवणार नाही आणि बाकी फिटल्याशिवाय दाखलाही मिळणार नाही."

म्हणजे पोरगं आतही नाही, बाहेरही नाही. हिरकणीचा हात क्षणभर हवेतच राहिला. मागून कोणीतरी हसलं, "मावशी, लवकर. आम्हालाही लुटून घ्यायचंय."

"नका देऊ दाखला," ती म्हणाली. "सातवीतलं पोर आहे, गावचा मास्तर बिनदाखल्याचं घेईल. पुस्तकं मराठी असतील, एवढंच."

तिने पिशवी ओढली. धोंडूने घट्ट धरली नाही. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच.

कॉलेजात फी घेतली, पावती दिली, आणि पावती देतानाच मॅडमने विचारलं, "क्लास कुठला लावलाय? सायन्स आहे, क्लासशिवाय होत नाही."

"मग तुम्ही काय करता इथे?" हिरकणीने विचारलं.

मॅडमने पुढच्या मुलीला हाक मारली.

मयुरा पावतीकडे बघत राहिली. तिला आनंद झाला होता, पण तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. बाहेर धोंडू रिक्षा थांबवून उभा. तिघं एकाच रिक्षात बसली, कारण वेगळी करणं परवडणारं नव्हतं.

घराकडचं, नरपडचं वळण आलं तसा तो म्हणाला, "भावेशला तू सांग. माझ्याने नाही होणार."

"सांगते. पोरीला नाही म्हणताना इतकी वर्षं कोणाची जीभ अडखळली नाही."

भावेश दारातच होता, युनिफॉर्मवर. रिक्षा थांबायच्या आत हिरकणी खाली उतरली.