बाटलीची पाठ

मित्रांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे. कर्जतच्या बाजारपेठेत औषधांच्या एका दुकानात, गल्ल्याच्या मागे मी उभे असते. माझ्या दारांना काचा आहेत आणि लोक त्यांतून आरपार बघतात. कपाटाकडे बघण्याची कुणाची रीत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रारीसाठी माझ्याजवळ याहून मोठी कारणे आहेत.

माझे वाचन दांडगे आहे. पंचेचाळीस वर्षांत मी लेबलांखेरीज काही वाचले नाही. पण लेबल मात्र एकही सोडले नाही. शिवाय माझी जागाच अशी, की बाटलीचे तोंड गिऱ्हाइकाकडे असते आणि पाठ माझ्याकडे. तोंडावर ठळक अक्षरांत आशा छापलेली असते, आणि पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत खरे काय ते. लोक आशा वाचून घरी जातात. खरे ते वाचत मी उभे राहते.

खालापूरच्या एका सुताराने मला घडवले. त्याने खिळे कमी मारले आणि सांधे मन लावून जुळवले, म्हणून मी अजून ताठ आहे. अबूबकरभाईंच्या वडिलांनी मला टेंपोतून येथे आणले, आणि पुढे दुकान अबूबकरभाईंकडे आले. त्यांनी माझ्या सर्वांत खालच्या कप्प्याला एक काम नेमून दिले. ते काम मी सांगितलेच पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

खोकल्याचे, शक्तीचे, झोपेचे असे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे काही हवे असेल, तर गिऱ्हाइकाने आधीची रिकामी बाटली परत आणायची. तिच्या गळ्यात औषध घेणाऱ्याच्या नावाची चिटोरी बांधायची. ती बाटली खालच्या कप्प्यात जायची. एकाच नावाच्या तीन बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या, की अबूबकरभाई चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "तीन झाल्या. आता दुकान बंद, दवाखाना चालू." मग गिऱ्हाइकाने कितीही गयावया केली तरी चौथी मिळत नसे. या शिरस्त्यामुळे किती खोकले वेळेवर क्षयाच्या तपासणीला पोहोचले, याची नोंद कोणत्याही सरकारी कागदात नाही. माझ्या कप्प्यात आहे.

एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्यावर थाप मारून म्हटले होते, "दुकान असावं तर असं." ते ऐकून मी इतके फुगले, की त्या पावसाळ्यात माझी दारे लागेनात.

मग अबूबकरभाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शस्त्रक्रिया झाली, आणि ते दुकानाच्या वरच्या मजल्यावर अडकले. गल्ल्यावर त्यांचा मुलगा झुहेब बसू लागला. तो औषधशास्त्राचा पदवीधर, हुशार आणि गोडबोला. त्याने पांढऱ्या चकचकीत फळ्या आणल्या आणि मला मोडीत काढायचे ठरवले. मला वाचवले ते ऋषिकेश नावाच्या एका विक्री-प्रतिनिधीने. उपकार कोणाचे होतील, हे आपल्या हाती नसते.

"झुहेबभाई, हे फेकताय कुठे? म्हातारं कपाट आहे. ह्याच्यात ठेवलेल्या मालावर लोकांचा विश्वास बसतो," तो म्हणाला आणि डोळ्यांच्या रेषेतला माझा मधला कप्पा त्याने स्वतःच्या बाटल्यांनी भरून टाकला. तोंडावर मेंदूचे चित्र आणि त्यातून निघणाऱ्या विजा. 'स्मरणशक्ती, एकाग्रता, तल्लखपणा.' पाठीवर, माझ्या बाजूला, एकच ओळ: 'औषधी वापरासाठी नाही.' औषधांच्या दुकानात, औषधांच्या कपाटात, औषधासारख्या बाटलीत, औषधासाठी नाही! मला हसता येत असते तर माझ्या काचा तडकल्या असत्या.

ऋषिकेशने आणखी एक योजना आणली. रिकामी बाटली परत आणा आणि शब्दकोड्यांची वही भेट मिळवा. त्या रिकाम्या बाटल्या झुहेब माझ्या खालच्याच कप्प्यात ठेवू लागला. कप्पा तोच, बाटल्या तशाच. फक्त त्या मोजून थांबवणारा माणूस आता तिथे नव्हता.

येथे अनसूयाबाई आल्या. त्यांचे यजमान हरी सर येथील शाळेत गणित शिकवीत. झुहेबही त्यांच्याच हाताखाली शिकला. सर आता विसरू लागले होते. चहा घेतला की नाही, दाराला कडी घातली की नाही. बाईंनी मधल्या कप्प्यातली बाटली पाहिली आणि विचारले, "झुहेब, ह्यांना चालेल ना रे?"

"बिनधास्त द्या काकू. साइड इफेक्ट काहीच नाही."

हे अक्षरशः खरे होते. इफेक्टच नव्हता.

बाई जुन्या वळणाच्या. त्या दर महिन्याला रिकामी बाटली धुऊन आणीत, आणि गळ्यात सुबक अक्षरांतली चिटोरी असे: 'हरी'. झुहेबला चिटोरीचा अर्थ ठाऊक नसेल असे नाही. तो याच दुकानात रांगला आहे. पण ते नियम औषधांचे होते, आणि हे तर औषध नव्हते. तिसरी बाटली आली, चौथी आली, पाचवी आली. सर पायरीशी थांबत. एप्रिल संपत आला तरी त्यांच्या अंगात स्वेटर असे, चेहरा सुजल्यासारखा आणि आवाज जाड झालेला. मला हे दिसत होते. कपाटाला दिसते ते पदवीधराला दिसू नये, याला काय म्हणावे?

मे महिन्यात भाजीवाली मैना मलम घ्यायला आली. "झुहेब, तुज्या मास्तरला काय झालंय रं? सकाळधरनं तीन येळा दुधी न्यायला आला. दोन दिले. तिसरा मी दिलाच नाय. म्हटलं, गुरुजी, घरी जावा, बाईला पाठवा."

"वय झालंय, मैनामावशी."

"वय तर माजंबी झालंय. मी इसरते का तुजी उधारी?"

झुहेब हसला आणि त्याने मलम दिले. मैनेला लिहिता-वाचता येत नाही. तिसऱ्या खेपेला थांबायचे एवढे तिला येते.

त्याच आठवड्यात अबूबकरभाई प्रथमच काठी टेकीत जिना उतरले. अनसूयाबाई गल्ल्यापाशी बाटली घेऊन उभ्या होत्या. अबूबकरभाईंनी सवयीने ती घेतली आणि वाकून माझा खालचा कप्पा उघडला.

'हरी.' 'हरी.' 'हरी.' सहा जणी ओळीने उभ्या होत्या.

"वहिनी," ते म्हणाले, "ही सातवी?"

"हो, सातवी. फरक म्हणावा तसा नाही पडत, अबूभाई. पण मी निर्धास्त होते. काही वावगं असतं तर तिसरीलाच दुकानातून सांगितलं असतं ना तुम्ही?"

त्या बाईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते.

"अब्बा, ते सप्लिमेंट आहे," झुहेब म्हणाला. "त्याला चिठ्ठी लागत नाही."

"चिठ्ठी लागत नाय, डोळे तर लागतात?" अबूबकरभाईंनी काठी पायरीकडे रोखली. "मे महिन्यात माणूस स्वेटर घालून उभा हाय. तुला गणित कुणी शिकवलं रं?"

झुहेब गल्ल्यामागून बाहेर आला. त्याने रिक्षा बोलावली. अबूबकरभाई त्या गुडघ्यांनिशी स्वतः सरांसोबत दवाखान्यात गेले.

रक्त तपासले. थायरॉइड ग्रंथी मंदावली होती; थंडी, सूज, विसरणे, सारे त्यातूनच आलेले. तिच्यावर एक लहानशी पांढरी गोळी असते. ती चिठ्ठीवर मिळते आणि माझ्या वरच्या कप्प्यात वर्षानुवर्षे पडून होती. सात महिने ती आणि हरी सर एकमेकांपासून चार हातांवर उभे होते. डॉक्टरांनी सांगितले, बरेचसे परत येईल. किती, ते आता पाहायचे. इतका उशीर व्हायला नको होता.

परवा सर दुकानात आले. स्वेटर नव्हता. झुहेबला त्यांनी नावाने हाक मारली आणि म्हणाले, "एकोणतीसचा पाढा म्हणून बघतो. चुकलो तर सांग." एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत ते न अडखळता गेले. मग थांबले. झुहेबचे ओठ पुढचा आकडा जुळवू लागले. सर बराच वेळ माझ्या काचेकडे पाहत राहिले. "उद्या," ते शेवटी म्हणाले आणि पायरी उतरले.

ते गेल्यावर झुहेबने माझी दारे उघडली. ऋषिकेशच्या कंपनीशी करार आहे, बाटल्या काढता येत नाहीत. त्याने एकेक बाटली फिरवली. आता पाठ गिऱ्हाइकाकडे आहे आणि मेंदूतल्या विजा मला बघाव्या लागतात. ऋषिकेश येतो तेव्हा त्या सरळ करून जातो, आणि तो बाजारपेठेच्या टोकाला पोहोचेपर्यंत झुहेब त्या पुन्हा फिरवतो. खालचा कप्पा त्याने पुसून रिकामा ठेवला आहे. आत एकच चिटोरी चिकटवलेली आहे, बाईंच्या सुबक अक्षरांतली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडावर विश्वास ठेवू नका. ज्याने जे ठेवले ते मी धरले, आणि माझा भारदस्तपणा त्या बाटल्यांना उसना दिला. हा माझा गुन्हा मी कबूल करते. तुम्ही एवढेच करा. घरात कोणी विसरू लागले, तर कपाटाकडे येण्याआधी त्या माणसाकडे नीट पाहा. आणि आलातच, तर बाटली हातात घेऊन एकदा फिरवा.

सर अजून एकोणतीसच्या पाढ्याच्या सातव्या पायरीशी थांबलेले आहेत. मी वाट पाहत आहे.