धोंडिराम पीत नव्हता

धोंडिराम परब चालताना झोकांड्या खायचा, म्हणून अख्ख्या चाळीने त्याला बेवडा ठरवलं होतं. लग्नानंतर पहिलं वर्षभर सुगंधानेही रोज संध्याकाळी नवऱ्याचं तोंड हुंगून पाहिलं. वास कधी आलाच नाही. मग तिने हुंगणं सोडलं आणि चाळीशी भांडायला सुरुवात केली.

मोठा दीर लवू मात्र ऐकेना. त्याच्या मुलीच्या लग्नात धोंडिराम पंगतीत वाढताना आमटीच्या भांड्यासकट कोलमडला, तेव्हा लवूने त्याला सगळ्यांदेखत मांडवाबाहेर काढलं. धोंडिराम वारला तरी लवू त्यांच्या नाहूरच्या घरी फिरकला नाही.

आता धोंडिरामच्या मुलाचे, चाळिशीतल्या नंदूचेही पाय तसेच पडू लागले. त्याच्या दोन्ही आत्यांना आणि एका आतेबहिणीला हाच त्रास. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडेना, तेव्हा डॉक्टर गार्गी म्हणाली, "काकू, हे घराण्यातून आलंय. सगळ्यांचं रक्त लागेल. ज्यांना काही झालेलं नाही, त्यांचंही."

"त्यांचं कशाला गं?"

"शेजारशेजारचे जीन्स बहुतेक वेळा एकत्रच मुलांत उतरतात. त्यांच्यामधल्या काही खुणा आम्हाला ओळखता येतात. एखादी खूण सगळ्या आजारी माणसांत आहे आणि निरोगी माणसांत नाही असं दिसलं, की बिघडलेला जीन तिच्याच आसपास असणार. म्हणजे सगळी मुंबई धुंडाळायची नाही, फक्त नाहूर. पण तरुणांना पुढेमागे होऊ शकतं. सत्तरी ओलांडून ताठ चालणारं कुणी आहे?"

होता. एकच.

सुगंधा घाटकोपरला गेली. लवू दारातच म्हणाला, "माका काय एक झाला नाय. माझा रगत कित्याक?"

"झाला नाय म्हणानच व्हया, भावजी."

"अगो, तो पिऊन पडायचो. ह्यो काय रोग?"

"मगे तपासात रोग नाय, दारूच गावतली. घाबरतास कित्याक?"

दुसऱ्या दिवशी लवू इस्पितळात हजर होता.

सात महिन्यांनी गार्गीने सगळ्यांना बोलावलं. आजारी चौघांत एक तुकडा सारखा निघाला होता, लवूत तो नव्हता. त्या तुकड्यात शोधल्यावर, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला बाधणारा जीन हाती लागला. औषध अजून नाही, पण व्यायामाने चालणं बरीच वर्षं टिकेल, असं ती म्हणाली.

"आणि धोंडिराम?" लवूने विचारलं.

"नंदूला तो तुकडा त्यांच्याकडूनच आलाय, काका."

 बाहेर आल्यावर लवू बाकावर टेकला नि डोळे पुसत म्हणाला, "सुगंधा, तू माका आधी कित्याक नाय सांगलस?"

"चाळीस वर्सां सांगतंय, भावजी," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

पुढच्या रविवारी तो बांगडे घेऊन नाहूरला आला. नंदूचा व्यायाम आपणही करणार म्हणाला. एका पायावर उभं राहताना काकापुतणे दोघंही सोफ्यावर आपटले. बांगडे साफ करता करता सुगंधा इतकी हसली, की तिला सुरी खाली ठेवावी लागली.