गाडीची उलटी बाजू

माझ्या सासूबाईंनी चौतीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं. मुलींनी कितीही सुबक झबलं पुढे ठेवलं तरी त्या आधी ते उलटं करायच्या, आतले टाके बघायच्या, मगच गुण द्यायच्या. "सरळ बाजू सगळ्यांचीच चांगली असते," हे वाक्य आमच्या घरात इतकं रुळलं होतं, की त्यांनी तोंड उघडलं की माझा नवरा ते आधीच म्हणून टाकायचा.

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दिसेनासं होऊ लागलं तेव्हापासून आमची जुनी गाडी सासूबाईच चालवतात. महिन्यातून एका मंगळवारी बाबांना डोळ्यात इंजेक्शन द्यायचं असतं. ते चुकलं तर उरलीसुरली नजरही जायची. म्हणून गाडीचं सर्व्हिसिंग कधी टळत नसे. तरी एका मंगळवारी भर रस्त्यात ऑइलचा लाल दिवा लागला आणि गाडी आचके देत थांबली. सासूबाई बाबांना टॅक्सीत घालून पुढे गेल्या. मी मागे राहिले, बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली. टोकाला डांबराच्या ठिपक्याएवढं ऑइल होतं. सर्व्हिसिंग होऊन वीस दिवससुद्धा झाले नव्हते.

बाबांना घरी सोडून सासूबाई परत आल्या आणि दोन डबे ऑइल ओतून आम्ही गाडी आणली ती थेट सर्व्हिसिंग केलेल्या गॅरेजमध्ये.

"ऑइल बदललं होतंत ना?" सासूबाईंनी विचारलं.

"बदललं म्हणजे बदललं, काकू."

"मग गेलं कुठे?"

"जुनी गाडी आहे. पिते."

"मला खालून बघायचीय."

गॅरेजवाला हसला. मग त्याची माणसंही हसली. "काकू, तुम्ही फ्रॉक शिवा. गाडीच्या खालचं तुम्हाला काय कळणार? एवढीच हौस असेल तर घरी जाऊन झोपा गाडीखाली."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "झोपते."

गॅरेजवाल्याला तो विनोद वाटला. मीही तेच समजले होते.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला तेव्हा माझा नवरा म्हणाला, "डिकीत जॅक आहे की."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "जॅक चाक बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर खाली शिरलेला माणूस मी खांद्यावरून नेलाय. लाकडाचे उतार करा हवे तर. लाकूड मोडण्याआधी ओरडतं. लोखंड न सांगता सटकतं." एवढं बोलून ते घाबरले. "पण मी सांगितलं म्हणून करू नकोस हं!"

"तुम्ही सांगितलंत म्हणून मी आजवर काय केलंय?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टायरची रुंदी टेपने मोजली आणि खाकी कागदावर उतार बेतला, अगदी बाही बेतावी तसा. मग आम्ही दोघी लाकडाच्या वखारीत गेलो. दोन इंच जाडीच्या, दहा इंच रुंदीच्या फळ्या. सगळ्यात खालची चार फूट, तिच्यावरची दहा इंच आखूड, तिच्यावरची आणखी आखूड, अशा एकेका उताराला चार. वखारवाल्याने विचारलं, "पलंग करताय का?"

"हो. गाडीचा."

त्याने प्रत्येक फळीला गाठ आहे का ते उलटून बघू दिलं. तीन फळ्या सासूबाईंनी परत केल्या. तो वैतागला, पण दुसऱ्या काढून दिल्या.

आठवडाभर बाल्कनीत भुसा उडत होता. फळ्यांची तोंडं करवतीने तिरकी कापायची, सरस लावायचा, वरून स्क्रू. चढून गेलेलं चाक पुढे घसरू नये म्हणून शेवटाला आडवा ठोकळा. माझ्या तळहाताला फोड आले. त्यांच्याही आले असणार, पण त्यांनी दाखवले नाहीत.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये दोन्ही उतार पुढच्या चाकांसमोर ठेवले. बाबा खुर्ची टाकून बसले. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. सासूबाईंनी हळूच गाडी पुढे घेतली आणि चाक टेकताच दोन्ही उतार गुळगुळीत फरशीवरून सर्रकन पुढे घसरत गेले. एक खांबावर आपटला. वरच्या गॅलरीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

आवाज ऐकून सोसायटीचे चेअरमन खाली आले. "वहिनी, हे काय मांडलंय? इथे दुरुस्तीला मनाई आहे."

"दुरुस्ती नाही. नुसतं बघणार आहे."

"बघायलाही मनाई आहे!"

"कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं कुठेच नव्हतं. त्यांनी वॉचमनला हाक मारली. "ही लाकडं उचल आणि फाटकाबाहेर टाक."

सासूबाई गाडीतून उतरल्या आणि उतारावर जाऊन बसल्या. साडी नीट सावरली, हात मांडीवर ठेवले. "उचल बाबा. माझ्यासकट उचल."

वॉचमनने चेअरमनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "साहेब, माझी कंबर दुखते," म्हणाला आणि निघून गेला. चेअरमन थोडा वेळ उभे राहिले. बसलेल्या बाईपुढे नुसतं उभं राहणं अवघड असतं. "मीटिंग घेतो!" म्हणत तेही गेले.

मी जुन्या पायपुसण्याचं रबर कापून उतारांच्या खाली चिकटवलं. या वेळी उतार हलले नाहीत. गाडी नाक वर करून चढली आणि ठोकळ्याला टेकली.

"डावीकडचं कुरकुरलं," बाबा म्हणाले.

"मोडेल?"

"नाही. बसतंय. पण थांब."

सासूबाई थांबल्या. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना दगड. चार तास गाडी तशीच ठेवली, मध्ये मध्ये बाबांसकट आम्ही तिघांनी धक्के मारून पाहिले. दुपारी त्यांनी चटई पसरली, माझ्या नवऱ्याचे जुने कपडे चढवले, केसांना फडकं बांधलं आणि बॅटरी घेऊन आत सरकल्या. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

"सूनबाई, ये आत."

मी सरकले. इंजिनाखालचं ऑइलचं पात्र आमच्या नाकासमोर होतं. ऑइल काढायच्या बोल्टवर वर्षानुवर्षांची माती सिमेंटसारखी बसली होती. त्याला कोणाचा पाना लागलाच नव्हता. आणि पात्राला बोटभर चीर होती. तिच्यावर साबण थापून वरून काळा रंग फासला होता. साबण विरघळला होता. थेंब माझ्या गालावर पडला.

मला वाटलं त्या भडकतील. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "यांचे डोळे होते गाडीत," त्या म्हणाल्या. "यांचे डोळे."

फोटो काढून, मोठे छापून घेऊन आम्ही गॅरेजमध्ये गेलो तेव्हा तिथे पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सासूबाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक फोटो दिला, वर्गात वह्या वाटाव्यात तसा. गॅरेजवाला धावत आला. "काकू, गैरसमज झालाय. पोरांनी केलं असेल. आणा गाडी, फुकटात करून देतो."

"गाडी आता इथे येणार नाही."

"मग कोण करणार?"

"तुम्हीच सांगितलंत ना, घरी जाऊन झोपा. झोपायची सवय झाली मला."

मीटिंग मात्र खरंच झाली आणि आम्ही हरलो. आवारात गाडीला हत्यार लावायचं नाही, असा ठराव नऊ विरुद्ध चार मतांनी झाला. टाळ्या वाजवणाऱ्याचं मत आम्हाला मिळालं होतं, पण ते पुरलं नाही. सासूबाईंनी ठरावाचा कागद मागून घेतला, नीट वाचला, आणि विचारलं, "आवार म्हणजे फाटकापर्यंत ना?"

पुढच्या रविवारी आम्ही फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उतार मांडले. नवीन पात्र बसवलं, ते ठिबकलं. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. दोन रविवार गेले. मधला मंगळवार टॅक्सीने निभावला. दुसऱ्या रविवारी सासूबाईंचा खांदा आखडला, म्हणून शेवटचे बोल्ट आवळायला मी एकटीच खाली होते. त्या वर बाबांशेजारी बसून सांगत होत्या, "समोरासमोरचे आवळ. एका बाजूने ओढलंस की चुणी पडते."

तेवढ्यात चटईच्या कडेला चकाकणारे बूट येऊन थांबले.

"कोण आहे खाली?" चेअरमनचा आवाज आला. "बाहेर या बघू!"

लग्नानंतर सहा वर्षं मी या माणसाला जिन्यात वाट सोडत आले होते.

"मी आहे," मी म्हणाले. "अजून तीन बोल्ट राहिलेत. थांबायचं असेल तर थांबा."

आणि पुढचा बोल्ट आवळायला घेतला.