आडवाटेच्या शिरा

लघवीच्या नळीत रंग फिका होता, खाली पिशवीत गडद. ताईने पिशवीमागे पांढरा कागद धरला. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती रंग असाच बघायची. रक्त होतं, आणि सकाळपेक्षा जास्त.

धाकट्या भावाचं यकृत केव्हाच निबर झालं होतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधल्यापासून सगळं घर त्याच्या उलटीत रक्त दिसतं का यावर डोळा ठेवून होतं. त्यामुळे लघवी लाल झाली तेव्हा कुणाला धसका बसलाच नाही. मुतखडा असेल म्हणून भावजय त्याला तांब्याने पाणी पाजत राहिली. तो म्हणायचा, "वरचा नळ दुरुस्त केला, आता खालचा गळतोय."

त्याला यकृताचा तुकडा द्यायचा तर ताईचाच जुळत होता. घरी विचारून सांगते, मुलीची परीक्षा होऊ दे, असं करत तिने ते लांबवलं होतं. भावजयीने आता विचारणंच सोडलं होतं.

डॉक्टरांनी खाटेशी सोनोग्राफीचं मशीन आणवलं. मूत्राशयाच्या भिंतीवर गाठ दिसली. संध्याकाळी दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढू, म्हणजे कॅन्सर आहे की नाही ते कळेल, असं ते म्हणाले. जाता जाता रक्तप्रवाहही बघून घ्यावा म्हणून त्यांनी एक बटण दाबलं.

राखाडी गाठीत लाल-निळा रंग धावू लागला. ती गाठ नव्हतीच. एकमेकींत गुंतलेल्या, रक्ताने तट्ट फुगलेल्या शिरा होत्या.

डॉक्टरांचा हात भावाच्या पोटावर तसाच राहिला.

"हे मी कापणार होतो," ते हळूच म्हणाले. "रक्त आवरलं नसतं."

मग त्यांनी समजावलं. यकृतातून वाट मिळेना, तेव्हा रक्ताने आडवाट धरली होती. पोटाच्या जुन्या ऑपरेशनच्या जागेवरून ते मूत्राशयापर्यंत उतरलं होतं. या शिरा आतून बुजवता येतील. दाब मात्र यकृत बदलेपर्यंत तसाच राहील, आणि तो आणखी कुठली तरी जागा शोधील.

अशा किती जागा असतील, याचा ताई विचार करू लागली आणि तिला तो पुढे करवेना.

"तायडे, तोंड का उतरलं?" भाऊ म्हणाला. "गाठ नाही म्हणतायत ना?"

ती डॉक्टरांकडे वळली.

"माझ्या यकृताचा तुकडा घ्या. घरी मी जाऊन सांगते."