पोलादासाठी सांगितलेली मापं

फोप्पे रैनाल्डाचं पत्र मार्चमध्ये आलं होतं आणि डौवेनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. यात नवल काही नव्हतं. डौवे पत्रांना उत्तरं देत नसे. द्यायचं मनात असे, पण लिहिलेली पहिली ओळ त्याला आगाऊ वाटे, ती खोडून लिहिलेली दुसरी लाचार वाटे, आणि शेवटी आलेलं पत्र हातातल्या पुस्तकात खुणेला राहून जाई.

फोप्पेनं लिहिलं होतं, की आपल्या आजोबांच्या कारखान्याची ती उंच काळी सायकल तो पुन्हा बाजारात आणतोय. ‘अगदी आपली होती तशी. तिच्या सांध्यांना जन्मभर पितळेचा डाख तू दिलास, तेव्हा फ्रेमवर नाव तुझंच हवं. तू काही उत्तर धाडणार नाहीस, मी ओळखून आहे. तेव्हा असं करू : नको असेल तरच लिही.’

डौवेनं ते वाचलं आणि त्याचे कान तापले. आपण कोण, आपलं नाव कशाला, असं त्याला वाटलं, आणि ते सायकलवर कसं दिसेल हेही मनात येऊन गेलं. पुढे एकदा फोप्पे कॉफीला आला आणि त्यानं नळ्यांची मापं विचारली. कारखाना बंद पडून किती काळ लोटला होता, तरी डौवेनं ती सगळी घडाघडा सांगितली. फोप्पे लिहून घेत होता.

सप्टेंबरात बाउक्ये बाजारातून आली ती पिशव्या हातात धरूनच ओरडली, “अरे डौवे, तू दुकानात लागलायस! हिंकेच्या काचेत! सोनेरी अक्षरात!”

“हळू बोल.”

“हळू का म्हणून? बायको मी आहे, मला एकदा तरी मिरवू दे. चल, कोट घाल.”

बोल्सवर्ड गावातल्या त्या दुकानात सायकल मधोमध उभी होती. काळाभोर रंग, त्यावर हातानं ओढल्यासारख्या बारीक सोनेरी रेघा, आणि सीटखालच्या नळीवर डौवे हाविंगा. दुकानवाली हिंके धावतच आली. “तुम्हीच का ते? उचलून बघा ना आजोबा, अगदी पिसासारखी!”

डौवेनं उचलली. त्याचे हात ज्या वजनाची वाट बघत होते, ते आलंच नाही.

तो गुडघ्यावर बसला. दोन नळ्या मिळतात तिथे पोलादी बाही असायची, आणि तिच्या कडेनं आतलं पितळ केसाएवढं बाहेर डोकवायचं. रंग देण्याआधी ती पिवळी रेघ अखंड दिसली की सांधा भरला असं समजायचं. इथे बाही होती, पण नुसती वरून चिकटवलेली टोपी. नखानं तिची कड उचलली गेली. खाली अ‍ॅल्युमिनियमचा जोड होता. त्यानं नळीवर बोट वाजवलं. पोलादाचा नाद आलाच नाही, टप् असा आवाज येऊन विरला.

आणि नळ्या बारीक होत्या. त्याच मापाच्या, त्यानंच सांगितलेल्या.

“पहिली कालच गेली,” हिंके सांगत होती. “एका आईनं नेली. एक पोर पुढे बसवते, एक मागे.”

डौवेला बोलायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, “छान रंग आहे.” बाहेर येताच बाउक्येनं विचारलं, “काय झालं रे? चेहरा का असा?” तो म्हणाला, “तू घरी जा. मी फोप्पेकडे जाऊन येतो.”

फोप्पेनं दारातच मिठी मारली. साखरेचा पाव कापला, त्यावर लोण्याचा जाड थर दिला. “पाहिलीस? कशी आहे आपली म्हातारी?”

“ती आपली नाही. अ‍ॅल्युमिनियमची आहे.”

“मग? लोक तिसऱ्या मजल्यावर राहतात रे बाबा. जिन्यानं वर न्यायला हलकी हवी, पावसात गंजायला नको. दिसायला जुनी हवी, बस. तुझ्यासारखं नाद ऐकत कोण बसतंय?”

“अ‍ॅल्युमिनियमला माझा विरोध नाही. पण मग नळ्या जाड घ्यायच्या. ती मापं पोलादाची होती.”

“जाड घेतल्या तर जुनी कशी दिसेल?”

“फोप्पे, पोलाद थकलं की बहुतेक वेळा वाकतं, कुरकुरतं, काहीतरी कळवतं. हे मुकाट्यानं तुटेल. हँडलच्या खाली, खालच्या नळीच्या तोंडाशी. तेही पोरं बसलेली असताना.”

“यंत्रावर तपासून आणलीय मी.”

“किती दिवसांच्या वापराएवढी? विटांच्या रस्त्यावर?”

फोप्पेनं सुरी खाली ठेवली. “एवढं होतं तर लिहायचंस. मी विचारलं होतं.”

“धातूचं विचारलं नव्हतंस. आणि मी उत्तर धाडत नाही, हे तुला ठाऊक होतं.”

“म्हणून तर तसं लिहिलं,” फोप्पे म्हणाला आणि हसला. नेहमीचंच, प्रेमाचं हसू. “तुझ्याकडून हो म्हणवून घ्यायचं म्हणजे दुसरा काय उपाय होता, वेड्या?”

डौवेनं पावाचा तुकडा बशीत परत ठेवला. त्याचा बुजरेपणा जगात दोघांनाच पुरता ठाऊक होता. बाउक्ये त्याची थट्टा करी. फोप्पेनं त्यावर धंदा उभा केला होता.

घरी आल्यावर त्याला नेहमीसारख्या शंका आल्या. आपण जुनाट तर नाही? आपलं नाव हलक्या धातूवर पडलं म्हणून हा सगळा राग नाही ना? असेल थोडा. पण त्या नळ्या बारीक होत्या, आणि ते काही रागामुळे झालं नव्हतं. सकाळी तो एकटाच हिंकेकडे गेला, अडखळत सगळं बोलला, टोपीची कड उचलून दाखवली. तिनं ती सायकल काचेतून काढली आणि त्या आईला फोन लावला.

मग तो टेबलाशी बसला. पहिली ओळ आगाऊ वाटली. त्यानं ती खोडली नाही.

“फोप्पे, नको. माझं नाव काढ. मापं पोलादासाठी होती हे सगळ्या दुकानांना तू कळव. हिंकेला मी सांगितलंय, बाकीच्यांना तू न सांगितल्यास मी सांगेन. तू माझा मित्र होतास, म्हणून मला वाटलं की ‘आपली होती तशी’ म्हणजे तशीच. मी उशीर केला. तू त्या उशिराचा हिशेब आधीच धरला होतास. डौवे.”

“दे, मी टाकते जाता जाता,” बाउक्ये म्हणाली.

“नको, मीच टाकतो.”

पत्रपेटी फोप्पेच्याच गल्लीच्या तोंडाशी होती. पुढे चार घरं गेलं असतं तर दारातूनही सरकवता आलं असतं. डौवेनं पाकीट पेटीच्या फटीत धरलं, क्षणभर धरून ठेवलं, आणि सोडून दिलं.