चादरीचा कोपरा

आमच्या भावजींना देवाने तोंड दिलंय ते फक्त चहा पिण्यासाठी. कोणी चार शब्द सुनावले की मान खाली, आणि वर "बरोबर आहे." त्या दिवशीही तेच केलं. आमच्या लाँड्रीत धुतलेल्या हॉटेलच्या चादरी भोकं पडलेल्या म्हणून परत आल्या. माझ्या मुलाने, म्हणजे ज्याला या काकाने खांद्यावर बसवून वाढवलं त्याने, चारचौघांत विचारलं, "काका, पेरॉक्साइड जास्त ओतलंत ना?"

"हात थरथरतो रे हल्ली. पडलं असेल."

"मग उद्यापासून घरी आराम करा."

"बरोबर आहे," म्हणत भावजींनी एप्रन उतरवला आणि घडी घालायला लागले. लाँड्रीतल्या एका हौदावर त्यांचा जन्म गेला. ना लग्न केलं, ना कुठे फिरले. कळकट चादर पेरॉक्साइडच्या पाण्यात पांढरी करणं एवढंच आपल्याला जमतं, असं स्वतःच सांगत.

मला कोणी विचारलं नव्हतं. मला विचारावं लागत नाही. मी चादरी उजेडात धरल्या. शाळेत मी पाटीच्या पुढे गेले नाही, पण भोक बघायला बाराखडी लागत नाही. पेरॉक्साइड जास्त झालं असतं तर चादर सगळीकडून विरली असती. ही भोकं प्रत्येक चादरीच्या एकाच कोपऱ्यात, आणि त्यांच्या कडेला तांबूस डाग.

"इथे काय असतं रे?"

"नंबराचा बिल्ला. पिनेने लावतो," मुलगा म्हणाला. "काका पूर्वी दोऱ्याने शिवत बसायचे. किती वेळ जायचा!"

"लोखंडी पिना?" सून ताडकन उठली. ती रसायनशास्त्र शिकलेली. एरवी ती पुस्तकातलं बोलायला लागली की मी भाजी निवडायला घेते. त्या दिवशी ऐकलं.

"आई, गंजाला लागलं की पेरॉक्साइड फुटतं. त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा तुकडा सुटतो. त्याला एक हायड्रोजन कमी असतो. समोर येईल त्याचा तो हिसकावतो. मळ असला तर मळाचा, सूत असलं तर सुताचा. सुताचा गेला की धागा तुटलाच."

"म्हणजे हावरा पाहुणा. ताट वाढायची वाट बघत नाही."

"हो, आणि लांबही जात नाही. पिनेजवळ सुटतो, तिथेच खातो."

"ते असेल," मुलगा पुटपुटला, "पण काकांचा हात..."

"हातही बघू." मी दोन जुने अभ्रे घेतले. एकाला तसलीच गंजकी पिन लावली, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही एकाच गरम पाण्याच्या बादलीत टाकले. "भावजी, ओता."

"नको वहिनी. सांडेल."

"सांडू दे. तुमच्या बापाचं नाही, माझं आहे."

ओतताना हात हलला तो हललाच. चांगलं वाटीभर जास्त पडलं. पिनेभोवती बुडबुडे उसळले. आम्ही चौघं बादलीवर वाकलो.

दोन तासांनी बाहेर काढल्यावर पिनेच्या अभ्र्यातून माझं बोट आरपार गेलं. दुसरा मी दोन्ही हातांनी ताणला. माझे खांदे दुखले, अभ्रा हूं की चूं करेना.

मुलगा खाली बघून म्हणाला, "काका, चुकलं माझं." भावजींना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते आपल्या ओल्या हाताकडे बघत होते, कोणीतरी तो आत्ताच परत आणून दिल्यासारखं.

घडी मोडून मी एप्रन त्यांच्या खांद्यावर टाकला.

"भावजी, चादरी पिनेने खाल्ल्या. पण न केलेली चूक कबूल केलीत, ती मात्र तुमची चूक. उद्या वेळेवर या. आणि येताना तोंड घेऊन या."