डोंगळ्याच्या दोन ओळी

मित्रांनो, पोटाला एक टाकी, पाठीला दोन पट्टे आणि पुढे लांब पितळी नळी, एवढाच माझा जामानिमा. मी आप्पासाहेबांच्या घरचा जुना फवारणीचा पंप. नेवाशाहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचे रान आहे. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या पाठीवर बसून हिंडलो आणि पोटात जे ओतले तेच ओकलो.

नवा आलो तेव्हा मला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. "पंप लई गुनाचा हाय," असे आप्पासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. माझी छाती फुगे. प्लॅस्टिकची असली म्हणून काय झाले!

रस्ता आणि रान यांच्यामधली पट्टी मात्र कोणाचीच नव्हती. तिथे तरवड पिवळाधमक फुले, कुर्डू तुरे काढी, दगडी पाला इवलीशी फुले घेऊन पसरे. एका तरवडात मधमाश्यांचे मोहोळ होते. आप्पासाहेबांची सून चांगुणा घटाच्या माळेसाठी तिथूनच फुले नेई, पण मोहोळाला तिने कधी धक्का लावला नाही.

गेल्या थंडीत आप्पासाहेबांनी बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावले. चांगुणाची लेक राजनंदिनी बारावीला होती. आप्पासाहेब म्हणाले, "बी भरलं तर पोरगी नगरला कालेजात जाईल. न्हाई भरलं तर लगीन. पाव्हनं तयारच हायती."

डोंगळे फुलायच्या आधी त्यांची नजर रस्त्याकडे गेली. "शनवारी गाड्यांची रांग लागती हितं. लोकांना रान दिसंना, नुसतं तण दिसतंय. इज्जत जाती आपली. समदं जाळून काढ," त्यांनी मुलाला, चांगुणाच्या नवऱ्याला, गोरक्षला फर्मावले.

गोरक्षने माझ्यात तणनाशक भरले. चांगुणा आडवी आली. "अवो, ते काय खातंय आपलं? मोहोळ हाय तिथं."

"मोहोळ हाय व्हय?" गोरक्ष हसला. त्याने माझ्यात किडीचे औषधही ओतले आणि नळी थेट मोहोळावर धरली. माश्या टपटप खाली पडल्या. माझ्याच तोंडातून ते सुटत होते आणि मला तोंड मिटता येत नव्हते.

थोड्याच दिवसांत पट्टी तव्यासारखी झाली. शनिवारी गाड्या आल्या आणि गेल्या. लोक उसाच्या रसाची गाडी शोधत होते, रानाकडे कोणी मान वळवून पाहिले नाही.

पुढे डोंगळ्यांना पांढरे गोंडे आले, पण गुणगुण कुठेच नव्हती. सकाळी दव वाळल्यावर चांगुणा एकटीच ओळीत शिरली. माश्यांचे काम ती तळहाताने करू लागली, या गोंड्यावरून त्या गोंड्यावर अलगद हात फिरवत. रस्त्याकडच्या दोन ओळी झाल्या आणि आप्पासाहेब आले.

"अगं ए! बाईमानसानं फुलाला हात लावला की बी मरतं, ठावं न्हाई का तुला?"

गोरक्षने जवळ पडलेल्या पंपाची, म्हणजे माझीच, नळी उपसली आणि तिच्या पाठीवर ओढली. पाठीची मला सवय आहे, मित्रांनो. पण अशी नाही.

काढणी झाली. सगळ्या रानातले गोंडे पोकळ, नुसता भुसा. रस्त्याकडच्या दोनच ओळींतून काळेभोर टपोरे बी निघाले. आप्पासाहेबांनी शिंगणापूरच्या दिशेने हात जोडले. "शनिदेवानं दोन ओळी तरी राखल्या. बाकीचं हिच्या हातानं गेलं."

"मामंजी, त्या दोन ओळींनाच माझा हात लागलाय," चांगुणा म्हणाली.

"तोंड वर करून बोलती!" ते म्हणाले. त्याच आठवड्यात पाहुणे राजनंदिनीला बघून गेले.

मित्रांनो, रस्त्याकडेच्या फुलाला धनी नसतो, म्हणून त्याला मारताना कोणाला विचारावे लागत नाही. ते फुलते तोवर तरी त्याला उभे राहू द्या. तुमच्या ताटात येणारे काय काय त्याच्या जिवावर पिकते, ते तुम्हाला ठाऊक नसते.

आता तुळशीची लग्ने उरकली आहेत. उद्या राजनंदिनीची हळद. पावसाने त्या पट्टीवर दगडी पाला पुन्हा फुटला आहे, त्यावर कुठूनशी एक माशीही येऊन बसली आहे. "वऱ्हाडाच्या गाड्या तिथंच थांबत्याल, कड साफ कर," असे आप्पासाहेब आत्ताच म्हणाले. गोरक्षने मला खुंटीवरून काढले आहे.